तणसाच्या ढिगाच्या रेषेत

“माह्या डोळ्याले पट्टी बांधा, तोंड मांगं करून बसवा, तरी नाव अल्याड आणतो!”

मुखरूने पानठेल्यावर हे जाहीर केलं आणि कोणीही हसलं नाही. कारण ते जवळजवळ खरं होतं. माणूस बढाईखोर असावा आणि वर त्याची बढाई खरीही असावी, यासारखा गावाला दुसरा त्रास नाही!

चिचटोल्यासमोरची वैनगंगा वरून पाहावी तर अशी शांत, की वाटावं हिच्यात नुसतं पाणीच आहे. आत मात्र धोंडेच धोंडे. आठ वर्षांपूर्वी खालच्या अंगाला बॅरेज झालं, पाणी चढलं, आणि उन्हाळ्यात ज्या धोंड्यांवर बाया कपडे वाळवायच्या ते सगळे हातभर पाण्याखाली जाऊन बसले. दिसत नाहीत, आवाज करत नाहीत, फक्त वाट पाहतात. पलीकडच्या गावच्या पत्रूच्या डोंग्याला इतकी ठिगळं होती की त्यातलं मूळ लाकूड कोणतं हे पत्रूलाही सांगता येत नसे. मुखरूच्या डोंग्याला मात्र आठ वर्षांत ओरखडा नव्हता.

यात जादू नव्हती. चिचटोल्याच्या काठावर त्याने तीन खुणा धरल्या होत्या. पल्याडहून निघालं की त्याच्या घरामागचा तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, ढीग आणि त्यामागचं मोहाचं झाड एका रेषेत ठेवायचं आणि सरळ यायचं. डावीकडे गावातल्या वडीलधाऱ्या बापूजींची पिवळी भिंत चिंचेआडून पुरी बाहेर आली की उजवीकडे वळायचं. मग लहानूच्या वाडीतलं लाल शर्टाचं बुजगावणं नाकासमोर धरायचं, की दोन धोंड्यांच्या मधल्या बोळातून नाव अलगद काठाला! हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोला, इंदुताईलासुद्धा नाही. दुसऱ्याकडे शेत असतं, दुकान असतं. मुखरूकडे ह्या तीन खुणा होत्या.

आणि आता त्या खुणांना भाव आला होता. वरच्या अंगाला पूल झाल्यापासून डोंग्यात बसायला माणूस मिळेना. अशात सरकारने यात्रेकरूंना मार्कंड्याच्या देवळाला नेण्यासाठी मोटरची नवी नाव मंजूर केली. तिला एक चालक हवा होता. कायम नोकरी, खाकी कपडे, दर महिन्याला पगार! अर्ज आले दोन, मुखरूचा आणि पत्रूचा. मंगळवारी गडचिरोलीच्या सरकारी कार्यालयातून माधवी मॅडम येणार, दोघांची परीक्षा घेणार आणि तिथल्या तिथे निकाल देणार. पन्नाशी गाठलेल्या मुखरूला दुसरं कोणी काम देणार नव्हतं. ही नोकरी गेली तर संपलंच सगळं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर तो इतक्या मोठ्यानं बोलत होता.

नवी नाव पल्याडच्या काठावर उतरवली होती. तिची ओळख करून घ्यायला मुखरू रविवारीच तिकडे मुक्कामाला गेला. पण जाण्याआधी त्याने गाव गोळा केलं.

“मॅडम येऊन राह्यली! आपला काठ कसा आरशावानी दिसला पाह्यजे! घाण, पसारा, फाटकंतुटकं काई म्हणजे काईच दिसलं नाई पाह्यजे! माह्या नोकरीचा सवाल आहे बापा!”

“तू बिनघोर जाय गा,” बापूजी म्हणाले. “गाव तुह्या पाठीशी आहे.”

गाव खरोखरच त्याच्या पाठीशी होतं. पुढचं सगळं त्यामुळेच झालं!

मुखरूचे दोन दिवस मोटरमधे डोकं घालण्यात गेले. मंगळवारी अकरा वाजता नाव निघाली. पुढे केशरी जॅकेट घातलेल्या मॅडम, हातात फाईल. मधे पत्रू, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. दोघांनीही एकाच खेपेला यावं, आधी मुखरूने चालवावी, मग पत्रूने, असं मॅडमनी ठरवलं होतं. मागे मुखरू, नवरदेवासारखा ताठ.

“धोक्याच्या जागा माहीत आहेत ना?” मॅडमनी विचारलं.

“मॅडम, एकेका धोंड्याले मी नावानं ओळखतो जी! हा म्हशा, हा कासव, तो पल्याडचा भाऊजी...”

“छान,” मॅडमनी लिहून घेतलं. पत्रू नुसता चघळत होता.

मुखरूने मान वर करून तणसाचा ढीग पाहिला. म्हणजे पाहायला गेला. ढीग नव्हता!

त्याने डोळे चोळले. मोहाचं झाड होतं. घर होतं. घरामागे शेणानं सारवलेली, रांगोळी काढलेली, चकचकीत मोकळी जागा होती. इंदुताईने अख्खं तणीस बैलगाडीत भरून बहिणीच्या गावाला धाडून दिलं होतं. नवऱ्याच्या साहेबिणीला दारात पसारा दिसायला नको!

पण आठ वर्षांची सवय होती. असेल इथंच कुठेतरी, म्हणत त्याने अंदाजाने नाव हाकली. आता पिवळी भिंत. चिंच आली... चिंचेच्या बाजूला भिंतही आली... पण ही कोणाची भिंत? निळीशार! बापूजींनी मुखरूसाठी पदरचा रंग आणून काल दिवसभर स्वतः शिडीवर चढून ती रंगवली होती. मागे निळं आभाळ, पुढे निळी भिंत. कुठे सुरू होते अन् कुठे संपते, काही कळेना!

“काही अडचण आहे का?” मॅडमनी विचारलं.

“नाई जी! मजेत!” मुखरू म्हणाला. त्याच्या कपाळावरून घाम असा गळत होता की नावेत पाणी शिरलं असं मॅडमना वाटलं.

आता सगळी भिस्त बुजगावण्यावर. त्याने देवाचं नाव घेतलं आणि पाहिलं तर दिसला, लाल शर्ट दिसला! त्याला रडूच आलं. उभ्या गावात एक तरी शहाणा माणूस निघाला! त्याने नाव शर्टाच्या रोखाने धरली. शर्ट जरा उजवीकडे वाटला, त्याने नाव उजवीकडे घेतली. शर्ट आणखी उजवीकडे गेला, मुखरूही गेला. मग शर्टाने हात वर केला आणि ओरडला, “मुखरूभाऊ, आगे बढो!”

तो लहानू होता! फाटकं बुजगावणं बरं दिसत नाही म्हणून त्याने ते उपटलं होतं. शर्ट मात्र चांगला निघाला. धुऊन, इस्त्री करून लहानूने तो अंगात घातला होता आणि स्वागताला हार घेऊन काठाकाठाने चालत निघाला होता.

खर्रर्रर्र... धप्प!

नाव थांबली. मॅडमची फाईल पाण्यात गेली. काठावरच्या लोकांना वाटलं मुद्दामच थांबवली. त्यांनी टाळ्या वाजवल्या, डफडं सुरू केलं!

“हा कुठला धोंडा म्हणायचा?” मॅडमनी शांतपणे विचारलं. “म्हशा की कासव?”

मुखरूने खाली वाकून पाहिलं. पाणी हिरवं, धोंडा काळा. ज्यांची नावं तो आठ वर्षं घेत होता त्यांतल्याच एकावर तो बसला होता, पण कोणत्या, हे त्याला सांगता येईना. म्हशा असेल तर डावीकडे खोल पाणी. कासव असेल तर डावीकडे आणखी चार धोंडे. नाव जरा हलवली की पुन्हा ‘खर्र’ आणि तळाला भोक! आपण या नदीत कधी आलोच नव्हतो असं त्याला वाटलं.

“सांगता नाई येत जी,” तो म्हणाला.

काठावर आता कळलं. डफडं थांबलं. इंदुताई पाण्यात गुडघाभर धावत आली. “काय झालं वो? काऊन थांबले?”

मुखरूने तोंड उघडावं तर शेजारी पत्रू बसलेला. न उघडावं तर मॅडम नदीत बसलेल्या. एक घटका गेली. ऊन तापलं. मॅडमनी घड्याळ पाहिलं. “मुखरूभाऊ, रस्ता माहीत नसेल तर तसं सांगा. मी दुसरी नाव मागवते. मग ही परीक्षा इथेच संपली असं समजा.”

संपली! तो शब्द ऐकला आणि मुखरूच्या आत काहीतरी तुटलं. तो उभा राहिला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि आठ वर्षांचं गुपित नदीभर ओरडून सांगितलं.

“इंदू! तणीस कुठी आहे?”

“बहिणीकडं धाडलं!”

“काऊन धाडलं वो? मी त्याच्याच रेषेत नाव आणतो! मंग पिवळी भिंत, मंग लहानूचं बुजगावणं!”

इंदुताईने कपाळावर हात मारून घेतला. “तर मंग सांगाचं होतं ना बापा! एका घरात राहून आठ साल सांगलं नाई तुमी!”

पण बाई खमकी. रडायचं नंतर, असं ठरवून तिने बचत गटाच्या पाच बाया गोळा केल्या, त्यांना रांगोळीवर दाटीवाटीने उभं केलं, वरून धान वाळवायची पिवळट ताडपत्री टाकली आणि स्वतः आत शिरली. झाला ढीग! बापूजी शिडी लावून भिंतीवर चढले आणि कोणाची तरी हळदीची साडी त्यांनी भिंतीवरून खाली सोडली. लहानू धावत वाडीत गेला आणि हात पसरून उभा राहिला.

“लहानू, हात खाली नको करू बे!” मुखरू नावेतून ओरडला.

“नाकावर माशी बसली ना भाऊ!”

“बसू दे! तू बुजगावणं आहेस!”

ढीग, मोह, भिंत पाहून मुखरूने मनात रेषा ओढल्या. म्हशा! म्हशाच होता हा! त्याचा जीव भांड्यात पडला. पत्रूला घेऊन तो कमरेभर पाण्यात उतरला, बांबू लावून नाव सोडवली, डावीकडच्या खोल पाण्यात घेतली आणि लहानूच्या लाल छातीवर नेम धरून बोळातून अशी काठाला आणली, की पाणीसुद्धा हललं नाही. लोकांनी जयजयकार केला. मॅडम हसल्या!

मुखरूला वाटलं, वाचलो.

“फारच छान पद्धत आहे ही,” मॅडम म्हणाल्या. “आता कोणीही जागचं हलू नका. पत्रूभाऊंची परीक्षा बाकी आहे.”

ढीग जागेवर राहिला. भिंत राहिली. बुजगावणंही राहिलं. पत्रूने खर्रा थुंकला, नाव पल्याड नेली आणि परत आणली. ढीग, भिंत, शर्ट, काठ. कुठेही खर्र झालं नाही. आपल्याच नवऱ्याची नोकरी पत्रूला देण्यासाठी इंदुताई ताडपत्रीखाली श्वास रोखून उभी होती. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. ती म्हणाली, तणसाची धूळ गेली. ताडपत्रीखाली तणसाची काडीही नव्हती.

“एक उमेदवार नाव खडकावर चढवतो, दुसरा चढवत नाही. मला नियमाने जावं लागतं, मुखरूभाऊ,” मॅडम म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं. पण वाईट वाटण्याचा रकाना त्यांच्या कागदात नव्हता.

मुखरू चार दिवस घराबाहेर पडला नाही, जेवलाही नाही. पट्टी बांधून नाव आणणारा माणूस उघड्या डोळ्यांनी धोंड्यावर चढला, हे त्याला ऐकायचं नव्हतं. पाचव्या दिवशी कार्यालयाचं पत्र आलं. बापूजींनी मोठ्यानं वाचलं.

काठावर लोखंडी खांब लावून खुणा कायम करण्याचा प्रस्ताव पाठवला आहे. तोपर्यंत भिंत पुन्हा पिवळी करावी, बुजगावणे पूर्ववत लावावे. धाडलेले तणीस विकले गेल्याने व नवे धानाचा हंगाम येईपर्यंत मिळणार नसल्याने, त्या जागी मार्गाची माहिती असलेला एक अनुभवी इसम रोजंदारीवर उभा करावा. श्री. मुखरू यांची शिफारस करण्यात येत आहे.

“घ्या!” बापूजी आनंदाने म्हणाले. “लागली ना सरकारी नोकरी!”

तेव्हापासून सकाळी दहा ते पाच मुखरू घरामागे मोहाच्या रेषेत उभा असतो, अंगावर पिवळी ताडपत्री घेऊन. यात्रेकरू त्याचे फोटो काढतात. पत्रू नावेतून हात हलवतो. मुखरूला उलट हात हलवता येत नाही, तसा नियम आहे. दुपारी इंदुताई भाकर घेऊन येते. परवा भुकेने व्याकूळ होऊन त्याने घास घ्यायला मान वळवली.

तिने पटकन नदीकडे पाहिलं आणि घास मागे घेतला.

“हालू नका ना,” ती हळूच म्हणाली, “नाव येऊन राह्यली.”