अकरा शनिवार आणि एक बोनेट

जयमालाबाईंनी एकदा व्रत धरलं, की देवालाही माघार घ्यायची सोय उरत नसे! सोमवारचं मौन, गुरुवारचा उपास, शनिवारी मारुतीला रुईची माळ. वर्षानुवर्षं एक दिवस चुकला नाही. तेव्हा दारातली सतरा वर्षांची गाडी आपण व्रतानं ठणठणीत करू, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

शंका नवऱ्याला होती. तुळशीराम म्हणजे बुलढाण्याच्या कोर्टातले निवृत्त कारकून. निकाल द्यायची हौस नोकरीत राहून गेलेली!

"आता आखरी तारीख!" त्यांनी सुनावलं. "अजून एकडाव बंद पडली, का विकतो अन् स्कूटर घेतो. दोघायले चार चाकं कायले पाह्यजेत?"

स्कूटर! म्हणजे दर पौर्णिमेचं देऊळगाव राजाच्या बालाजीचं दर्शन संपलंच की! बारा वर्षांत एक पौर्णिमा हुकली नव्हती. आणि स्कूटरवर बाईंची कंबर चिखलीलाच उतरून गेली असती.

त्यांनी गुपचूप अकरा शनिवारांचं व्रत धरलं. पहाटे बोनेट उघडायचं, हळदकुंकू वाहायचं आणि बॅटरीशेजारी गूळ-फुटाण्यांचा नैवेद्य ठेवायचा. दुसऱ्या दिवशी प्रसाद साफ!

"गोड मानून घेतलं माय गाडीनं," बाई हात जोडत.

तिसऱ्या शनिवारनंतर वायपर बंद पडले. बाईंनी फुटाणे मूठभर वाढवले. पाचव्यानंतर हॉर्न जो सुरू झाला तो थांबेचना. अख्खी कॉलनी रस्त्यावर! आपलीच श्रद्धा उणी पडते, असं म्हणून बाईंनी खोबरं घातलं. सहाव्यानंतर दिवे गेले. मग शेंगदाण्याचे लाडू!

गोविंदा मिस्त्री दरवेळी वायर जोडायचा आणि डोकं खाजवायचा. "काका, वायरी हायेत का शेवया? जोडली का तुटून राह्यली!"

सातवा शनिवार झाला आणि सोमवारी गाडी फाटकातच बसली. तुळशीरामांनी तिथल्या तिथं निकाल दिला. दुपारी धामणगाव बढ्याहून जुन्या गाड्यांचे गिऱ्हाईक किसनराव गाडी विकत घ्यायला हजर! बाई देवघरातून आल्या त्या थेट फाटकाशी, डोळ्यांत पाणी. किसनरावांनी बोनेट उचललं...

आतून एक गलेलठ्ठ उंदीर उडाला आणि सरळ त्यांच्या बाहीत!

"अरे बाप्पा! गाडी हाय का धान्याची कोठी हाय बे?" किसनराव लग्नाच्या वरातीतही नाचले नसतील असे नाचले आणि सदरा झटकत जे सुटले, ते बसस्टँडपर्यंत!

गाडी सुरू करून द्यायला बोलावलेल्या गोविंदानं बॅटरीच्या मागं खोल डोकावून पाहिलं. सोललेल्या वायरी, पाच पिल्लं, फुटाण्यांची टरफलं आणि अर्धा लाडू.

"काका, अशी खानावळ म्या जिंदगीत नाही पाह्यली! कोन जेवू घालून राह्यलं यायले?"

तुळशीरामांनी लाडू उचलून हुंगला. सावकाश बायकोकडे वळले.

"हा लाडू त आपल्याच घरचा दिसते!"

खोटं बोलावं तर पाप. खरं बोलावं तर स्कूटर. जयमालाबाईंनी पदर सावरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"आज माझं मौन हाय."

दोन दिवसांत किसनरावांच्या नाचाची बातमी मोताळ्यापर्यंत पोचली. आता ही गाडी फुकटही कुणी नेणार नव्हतं! तुळशीरामांनी दात-ओठ खात सगळी वायरिंग नवी टाकून घेतली. पौर्णिमा बचावली!

जाताना गोविंदानं बाईंच्या हातात उंदराचा पिंजरा दिला.

"काकू, हा बोनेटात ठेवा. अन् याच्यात गूळ-फुटाणे टाकत जा. ध्यानात ठेवा, खाडा नाही पडला पाह्यजे!"

बाईंनी पिंजरा कपाळाला लावला. तसेही चार शनिवार उरलेच होते.