कर्नाटकचा देवगड हापूस

"हा आंबा कुठला?" गोपाळकृष्ण केतकरांनी विचारलं.

"कर्नाटकचा आहे, काका," रियाज म्हणाला. "गोड निघेल. देवगड पाहिजे तर परवा या."

केतकर सावध झाले. गेल्या वर्षी मोठ्या विश्वासानं आणलेल्या देवगडच्या पेटीत वरचा थर तेवढा देवगडचा निघाला होता. तेव्हापासून त्यांनी स्वतंत्र विचार करायचं ठरवलं होतं. म्हणजे समोरचा जे सांगेल, त्याच्या उलट धरायचं. आता, गाडीवर उभा राहून स्वतःच्याच मालाला कमी लेखणारा फळवाला उभ्या वारज्यात कुणी पाहिलाय? याचा अर्थ उघड होता.

"ओळखीच्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलायस ना? देवगडच आहे हा!"

"काका, मी खोटं कशाला बोलू?"

"तेच मी शोधतोय. दे दोन डझन."

रियाजनं हात जोडले. "बरं. देवगड समजून खा."

"कबूल केलंस ना शेवटी!" म्हणून केतकर विजयी मुद्रेनं घरी आले.

आंबा साधासुधा असून चालणार नव्हता. रविवारी दामले पतिपत्नी जेवायला येणार होते. त्यांच्या मुलाचं आणि केतकरांच्या ऋजुताचं आपसात ठरलंच होतं. अडलं होतं ते फक्त केतकरांच्या होकारापाशी. त्यात दामले देवगडचे, स्वतःची बाग असलेले. यंदा मोहोर उशिरा आल्यामुळे त्यांच्याकडची पेटी यायची नव्हती, म्हणून त्यांना देवगड खिलवायचा केतकरांना चांगलाच हुरूप चढला होता.

"बाबा, प्लीज," ऋजुता म्हणाली, "रविवारी कुणाची उलटतपासणी घेऊ नका."

"मी फक्त विचारतो."

"विचारता कुठे? उत्तर आधीच ठरवून येता."

रविवारी पानं वाढली गेली. केतकरांनी आमरसाच्या वाटीकडे हात केला. "घ्या दामले. देवगड! तुमच्याच गावचा. पारखून आणलाय."

दामल्यांनी चमचा तोंडात घातला, बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे."

झालं! नुसतं 'छान'? देवगडचा माणूस देवगडच्या आंब्याला नुसतं छान म्हणतो? केतकरांच्या डोक्यात घंटा वाजली.

"स्पष्ट बोला. आम्ही खऱ्याला घाबरत नाही."

"अहो, वाढू का अजून?" केतकरांच्या पत्नी आनंदीबाई घाईनं म्हणाल्या.

"थांब तू. बोला दामले."

"कर्नाटकचा आहे," दामले चाचरत म्हणाले. "पण गोड आहे हो, अगदी."

"वाटलंच! स्वतःची बाग असलेला माणूस दुसऱ्याच्या आंब्याला देवगड कशाला म्हणेल?"

ऋजुतानं डोळे मिटून घेतले. दामलेवहिनींचा पुरीचा घास हातातच राहिला. दामल्यांचे कान मात्र लाल झाले.

"केतकर, खरं सांगू? दूध, साखर, वेलची घातल्यावर आंबा कुठला ते मलाही कळत नाही. आतल्या खोलीत आनंदीवहिनींनी हिला सांगितलं, हिनं मला."

केतकर बायकोकडे वळले. "तुला कुणी सांगितलं?"

"रियाजनं. काल मी कोथिंबीर आणायला गेले होते. मी विचारलं, त्यानं सांगितलं. मी ऐकलं."

"मग मला का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही देवगड आहे म्हणून सांगितलंत."

माघार घेणं केतकरांच्या रक्तात नव्हतं. दामल्यांनीच विषय बदलला.

"ते जाऊ द्या. आमच्या मुलाची चौकशी केलीत?"

"केली की. ऑफिसात, सोसायटीत, त्याच्या सरांकडे. सगळे चांगला म्हणतात."

"मग अडलंय कुठे?"

"तिथेच! सगळेच चांगला कसं म्हणतील?"

"एखाद्यानं वाईट म्हटलं असतं तर?"

"तर लगेच विश्वास ठेवला असता!" केतकर ठामपणे म्हणाले.

हे वाक्य खोलीत सगळ्यांनी ऐकलं. सगळ्यात शेवटी ते केतकरांनी ऐकलं.

केतकरांनी पुरीचा एक तुकडा मोडला, पुन्हा ताटात ठेवला. मग घसा खाकरून म्हणाले, "माझा होकार आहे. आणि दामले, मघाचं बोलणं... चुकलं माझं."

"असू द्या. पण आता माझीही एक शंका आहे," दामले म्हणाले. "तुमची मुलगी कशी आहे?"

"गुणी आहे हो! लाखात एक."

"कशावरून?"

केतकरांनी दाखला शोधायला खोलीभर नजर फिरवली. समोर ऋजुता उभी होती, गालातल्या गालात हसत, आणि वडिलांना मुळीच मदत करायची नाही असा निश्चय करून.

"दामले," शेवटी ते म्हणाले, "माझ्यावर विश्वास ठेवा."

"ठेवला," दामले म्हणाले.

'इतक्या पटकन? का?' हे शब्द केतकरांच्या अगदी ओठांपर्यंत आले. त्यांनी मोठ्या निग्रहानं ते गिळले, आणि वर पाणी प्यायले.