फेअर केलेली डायरी

जयंतरावांनी बायकोची डायरी फेअर करायला घेतली, तिथेच सगळा घोटाळा झाला.

डायरी काही दूधवाल्याची नव्हती. दिल्लीतल्या एका हॉस्पिटलात बायपोलर आजारावरच्या नव्या गोळीची चाचणी चालू होती आणि प्रभाताई देवस्थळी त्यात सामील झाल्या होत्या. नेहमीची औषधं चालूच, वर ही एक जादा गोळी. ती खरी की नुसती साखरेची, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरांनाही नव्हतं. त्यांचं काम एवढंच, की रोज संध्याकाळी आपल्या मनाला शून्य ते दहामधला एक आकडा द्यायचा. शून्य म्हणजे अंथरुणातून उठवत नाही, दहा म्हणजे मन आवरतच नाही, पाच म्हणजे ठीक. शेजारी एक ओळ लिहायची आणि दर दोन महिन्यांनी डायरी दाखवायची.

आता जयंतराव. हे गृहस्थ एकतीस वर्षं फरीदाबादहून कंपनीच्या बसने मानेसरला जात होते. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीचे साहेब. मार्चमध्ये रिटायर झाले, पण क्वालिटी त्यांच्यातून रिटायर झाली नव्हती. घरातल्या पोळ्यांचा व्यास एकसारखा का नाही, इथपर्यंत त्यांची मजल गेली होती.

हॉस्पिटलच्या फेरीच्या आदल्या दिवशी त्यांनी फाइल लावायला घेतली आणि डायरी उघडली. सोमवारी सात. मंगळवारी तीन. बुधवारी सहा, पानावर फोडणीचा डाग. गुरुवारी चार, शेजारी ओळ: "चंद्रप्रभा वन्सं आल्या. सहा दिवस राहणार आहेत." शुक्रवारी तीन. "अजून पाच दिवस."

जयंतरावांनी आकडे पुन्हा एकदा तपासले. एवढं व्हेरिएशन! कारखान्यात असा ग्राफ आला असता तर अख्खा लॉट नापास मालाच्या लाल पेटीत गेला असता. ही डायरी बघून हॉस्पिटलवाले प्रभाला रिजेक्ट करणार, याबद्दल त्यांना शंकाच उरली नाही. आणि ते परवडण्यासारखं नव्हतं. चाचणी सुरू झाल्यापासून प्रभाताईंनी सोसायटीच्या क्लबमध्ये रविवारचा मराठीचा वर्ग परत चालू केला होता, अकरा वर्षांनी. दिल्लीकडे वाढलेली पोरं, 'कोथिंबीर' म्हणताना अडखळणारी, पण त्यांच्यासाठी त्या शनिवारपासून तयारीला बसत.

तेव्हा हेतू चांगलाच होता. माणसाने माती खाल्ली की हेतू नेहमी चांगलाच असतो!

फाइलमध्ये एक कोरी डायरी जादा होती. जयंतरावांनी सुवाच्य अक्षरात सगळी नक्कल उतरवली. पाच, पाच, पाच. अगदीच खोटं वाटू नये म्हणून मधे दोनदा साडेपाच. शेजारी "ठीक". पक्की वही झाल्यावर कच्ची कशाला ठेवायची? ती त्यांनी दुपारी आलेल्या कबाड्याला रद्दीबरोबर देऊन टाकली.

संध्याकाळी प्रभाताईंनी विचारलं, "अहो, माझी डायरी कुठाय?"

"फाइलमध्ये ठेवली गं. आजचा आकडा सांग, मी लिहितो."

"सहा."

जयंतरावांनी पाच लिहिले.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात प्रभाताई रक्त द्यायला आत गेल्या आणि जयंतरावांनी डायरी अनुष्कापुढे ठेवली. अनुष्का म्हणजे चाचणीची कागदपत्रं सांभाळणारी मुलगी, लक्ष्मीनगरची, कामात एकदम चोख. तिने एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग भराभर दहा उलटली.

"अंकल, आंटी का मूड दो महीने से हिला ही नहीं?"

"बिल्कुल स्टेबल!" जयंतराव अभिमानाने म्हणाले.

"और ये राइटिंग? पहले वाली डायरी में तो अलग थी."

इथे खरं बोलून मोकळं होता आलं असतं. पण एकतीस वर्षं ऑडिटवाल्यांना तोंड दिलेला माणूस तो, तोंडातून उत्तर आपोआप बाहेर पडलं. "वो... हाथ में मोच आई थी ना. राइट हैंड में. तो लेफ्ट से लिखा."

"लेफ्ट से इतना सुंदर?"

"दो महीने में प्रैक्टिस हो गई."

अनुष्काचा चेहरा पडला. चाचणीतल्या माणसाला साधी शिंक आली तरी तिला नोंद करावी लागे आणि इथे दोन महिने हात मुरगळलेला, कुणाला पत्ता नाही! तिने लगेच एक चार पानी फॉर्म ओढला. "कैसे हुआ? गिर गईं? चक्कर आया था?"

जयंतराव गांगरले. "हल्का सा."

झालं! हात मुरगळला होताच, आता चक्करही देऊन टाकली. गोळी घेतल्यावर चक्कर, चक्कर येऊन पडणं, पडून दुखापत. अनुष्काने एका हाताने डॉक्टरांना फोन लावला आणि दुसऱ्या हाताने एक्स-रेच्या कागदावर शिक्का मारला.

प्रभाताई कोपरावर कापूस दाबत बाहेर आल्या तर समोर नर्स व्हीलचेअर घेऊन उभी.

"बैठिए आंटी, एक्स-रे के लिए."

"काहे का एक्स-रे?"

"मोच का."

"किसकी मोच?"

जयंतराव छताकडे बघत होते. चौतीस वर्षांच्या संसारात हे छताकडे बघणं प्रभाताईंना चांगलं पाठ झालं होतं. मागे एकदा गॅसवर दूध उतू घालवून त्यांनी असंच छत न्याहाळलं होतं. प्रभाताईंनी टेबलावरचा फॉर्म ओढला, अनुष्काच्या हातातलं पेन घेतलं आणि उजव्या हाताने ठसठशीत लिहिलं: "माझा हात ठणठणीत आहे. प्रभा जयंत देवस्थळी." मग शेजारची डायरी उघडली. पाच. ठीक. पाच. ठीक.

"अहो," त्या अगदी हळू म्हणाल्या, "हे कोण आहे?"

पाच मिनिटांनी दोघंही डॉक्टर देवयानींच्या खोलीत होती. देवयानी मूळच्या नाशिकच्या, आणि इथे आपलं दुखणं मराठीत सांगता येईल एवढ्यासाठीच प्रभाताईंनी चाचणीला होकार दिला होता.

"काका, मूळ डायरी कुठे आहे?"

"रद्दीत."

डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. "मग हिच्यातलं एकही अक्षर माझ्या कामाचं नाही. असला हात फिरवलेला कागद चालवला, तर उद्या ही गोळी घेणाऱ्या हजारो लोकांना मी काय सांगू? मूळ नोंद नसेल तर काकूंना चाचणीतून काढावं लागेल. माझा इलाज नाही."

"डॉक्टर, चूक माझी आहे. हिची काहीच..." जयंतराव घाईघाईने म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा!" प्रभाताई कडाडल्या. दाराबाहेरची नर्स डोकावून गेली. "बघा, मी ओरडले की लगेच लोक बघायला येतात! डॉक्टर, मला काढायचं नाही. मी निघणार नाही. गोळी साखरेची असली तरी निघणार नाही!"

"काकू, ऐका तर..."

"नाही, आज तुम्ही ऐका. अकरा वर्षं माझ्या मनाचा आकडा दुसरेच सांगताहेत. मी जरा हसले, की वन्सं विचारतात, 'गोळी घेतलीस ना?' चिडले, की हे विचारतात, 'गोळी घेतलीस ना?' परवा भिंडीवाल्याने जून भेंडी दिली म्हणून भांडले, तर त्यावरही गोळी! अहो, भेंडी जून होती! आजार आहे मला, कोण नाही म्हणतंय? पण माझा सगळाच राग काही आजाराचा नाही. बराचसा माझा स्वतःचा आहे. इथे पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, तुमचं तुम्हीच सांगा. आणि ते ह्यांनी फेअर करून टाकलं! मला नको ह्यांचे पाच. माझे तीन तीनच राहू देत. ते मी सोसलेत."

बोलता बोलता प्रभाताईच एकदम थबकल्या.

"थांबा. कॅलेंडर!"

"कुठलं कॅलेंडर?"

"स्वयंपाकघरातलं. मी आकडा आधी कॅलेंडरवर टाकते, त्या त्या दिवशी, पेनाने. मग जेवणं झाली की डायरीत. आजची सवय नाही ती, अकरा वर्षांची आहे."

जयंतराव चकित झाले. "ते आकडे? मला वाटलं, दुधाच्या पिशव्या."

"दोन माणसांना रोज सात पिशव्या दूध?"

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. "काकूंच्या हातची, त्या त्या दिवशीची नोंद असेल तर मला ती चाचणीच्या समितीपुढे ठेवता येईल. झालेली चूक लपवायची नाही, तीही लिहायची. चारच्या आत आणा."

जयंतराव मेट्रोने फरीदाबादला गेले, खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं, गुंडाळलं आणि उलट पावली निघाले. चारला दहा मिनिटं कमी असताना ते परत आले. येताना गाडीत बसायला जागा मिळाली होती आणि त्यांनी गुंडाळी उलगडून पाहिली होती.

डॉक्टरांनी टेबलावर पान पसरलं. प्रत्येक चौकोनात निळा आकडा: सात, तीन, सहा, चार. "भेंडी जून." "वन्सं गेल्या!! सात." "वर्गाला अकरा मुलं. सात." अनुष्काने पानांचे फोटो काढायला सुरुवात केली. मग ती वाकली. "आंटी, ये लाल वाले नंबर किसके हैं?"

प्रभाताई क्षणभर घुटमळल्या. "ते ह्यांचे. हे काही सांगत नाहीत. मी आपली बघून लिहिते."

डॉक्टरांनी एप्रिलचं पान पाहिलं, मेचं पाहिलं, जूनचं पाहिलं.

जयंतरावांनी हसायचा प्रयत्न केला. "बघा डॉक्टर, माझा ग्राफ कसा सरळ रेषेत आहे. जराही व्हेरिएशन नाही."

"हो काका," डॉक्टर म्हणाल्या. "सरळ दोनवर."

जयंतराव छताकडे बघू लागले. यावेळी प्रभाताई रागावल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याचा हात धरला, त्याच न मुरगळलेल्या उजव्या हाताने.

"डॉक्टर, पुढच्या मंगळवारी तुमच्या ओपीडीत ह्यांनाही एक नंबर लावून द्या," त्या म्हणाल्या. "चाचणीत नको. साधाच."

"अगं, मला काय झालंय? मी ठीक आहे."

"ठीक!" प्रभाताई म्हणाल्या. "एकसष्ट दिवस ठीक. वाचलंय मी."

समितीचं पत्र तीन आठवड्यांनी आलं. चूक नोंदवली होती, प्रभाताई चाचणीत राहणार होत्या, आणि डायरीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असं त्यात ठळक अक्षरांत छापलं होतं. तोवर जयंतरावांच्या मंगळवारच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या.

त्या संध्याकाळी ते कॅलेंडरपुढे बराच वेळ उभे राहिले. मग लाल पेन घेतलं आणि चौकोनात स्वतःच्या सुवाच्य अक्षरात पहिल्यांदाच आकडा टाकला. तीन. थोडं थांबून शेजारी लिहिलं, "मानेसरची बस आठवली."

प्रभाताईंनी पोळी लाटता लाटता मान वर केली.

"फेअर करून देऊ का?"

"नको," जयंतराव म्हणाले. "असू दे तसंच."