पातेलं वजा

आमच्या खव्याच्या कारखान्यात काट्यावर आण्णा बसतेत. तीस वर्षं तेच काम. रिकामं पातेलं काट्यावर ठेवायचं, काटा शून्य करायचा, मगच खवा भरायचा. ही सवय इतकी अंगात मुरली की भूम गावात एका लग्नात नवरदेवाला बघून मोठ्यानं म्हणले, "अडुसष्ट भरंल. फेटा वजा." नवरदेवाच्या आयच्या हातातलं ताटच पडलं.

म्या भट्टीवर खवा हलवतो. शाळेचं तोंड बघितलं न्हाय, पर खाण्यात पयला नंबर कधी सोडला न्हाय. मला बघितलं की आण्णा म्हणायचे, "आलं बघा, भरलेलं क्यान!"

यंदा मालकाला बीपीचा त्रास निघाला अन् पथ्य आमच्यावर आलं. दोन महिन्यांत समद्यांनी तीन किलो उतरायचं. दर सोमवारी खव्याच्याच काट्यावर वजन. मला येगळं बोलावून सांगितलं, "तू न्हाय उतरलास तर येरमाळ्याच्या दूध सेंटरवर धाडीन. तिथं खवाच न्हाय."

सकाळी काकड्या द्यायला लागले. काकडीनं मला लई भूक लागायची, मग खवा हलवता हलवता हात तोंडाकडं जायचा. म्या पंच्याण्णव हुतो, चौथ्या सोमवारी शहाण्णव झालो. आण्णा घाबरून म्हणले, "आरं, काकडीनं बी चढतोस व्हय?"

दुपारी मातर आण्णाच हाक मारायचे. काकू, म्हंजी आण्णाची बायकू, जाऊन तीन वर्षं झाली. आण्णा सोताच भाकरी थापतेत, अन् चार थापतेत. दोन मला. "ह्या वजनात धरायच्या न्हायत," म्हणायचे.

शेवटचा सोमवार आला. म्या सकाळपसनं पाणी पेलो न्हाय. चप्पल काढली, करदोडा बी काढला. मालकासमोर काट्यावर चढलो. आण्णानं आकडा वाचला, "एक्क्याण्णव."

 मालकानं चष्मा पुसून परत बघितलं. म्या हळूच हात फिरवून बघितला. पोट हुतं तिथंच हुतं की! मालकानं पाठ थोपटली, "ह्याला म्हणतेत जिद्द!" अन् गेले.

म्या उतरलो. रिकाम्या काट्यावर आकडा दिसला: वजा सहा. आण्णाच्या खुर्चीमागं पातेलं लपवलेलं. ते ठेवून आण्णानं काटा शून्य केलेला, अन् मालक यायच्या आत काढून घेतलं. ह्या माणसानं मालकाच्या मेव्हण्याला बी पाव किलो खवा सोडला नव्हता!

"आण्णा, तुमी? खोटं वजन?"

"वरडू नगं." त्यांनी काटा फडक्यानं पुसला, शून्य केला. 

"खरं किती भरलो?"

"सत्त्याण्णव."

"मग कशापायी केलं?"

आण्णा डब्याची गाठ सोडत बसले. सुटंना. "तू येरमाळ्याला गेल्यावर दोन भाकरी कुणाला घालू? मागं एकदा दोनच थापायला बसलो. जमंना."

म्या भाकरी मोडली. जन्मात पयल्यांदा घास हातातच धरून बसलो.

"खा की रं," आण्णा डाफरले. "आता कुठं वजन करायचंय?"