नामाशेठची उघाडी

आमच्या सोसायटीत सकाळचं पाणी आरडाओरडा करूनच येतं. नामाशेठ खाली व्हॉल्व्हपाशी उभे राहतात आणि चारही मजल्यांना ऐकू जाईल असं ओरडतात, "सोडू का?" वरून कुणीतरी "सोडा ओ!" म्हणेपर्यंत त्यांचा हात हलत नाही. तोंडात ब्रश घेऊन मी कितीदा बाल्कनीत धावलो आहे. एकदा सगळ्यांनी ठरवून गप्प राहून पाहिलं. त्या दिवशी अख्खी बिल्डिंग पारोशी ऑफिसला गेली.

नामाशेठ मूळचे इथलेच. आमची पनवेलची ही बिल्डिंग उभी आहे तिथे त्यांची खाडीकाठची खारजमीन होती. गळ्यात सोन्याची चेन, पायात प्लास्टिकची चप्पल, आणि तारीख विचारली तर तिथी सांगणार. मी सोसायटीची मीटिंग रविवारी ठेवली तर म्हणाले, "रविवारी उधान हाय. मना जमायचं नाय." उधाण म्हणजे मोठी भरती. भरती खाडीला, मीटिंग पार्किंगमध्ये. पण शेठ काही आले नाहीत.

ते होते बिल्डिंगमागच्या तलावावर. पावसाळ्यात नाल्यांचं पाणी या तलावात जमतं. खाडीला भरती असली की गेट बंद ठेवायचं आणि ओहोटी लागली की पाणी ओढ्यात सोडायचं, अशी ती योजना. पण गेट गंजलं होतं, तलाव गाळाने भरला होता, आणि नाल्यातली घाण तशीच्या तशी ओढ्यात जात होती. ओढ्याचं पाणी चहासारखं झालं होतं, आणि चहाला निदान वास तरी बरा येतो. शेठना ते बघवत नसे.

"हितंच आमची उघाडी व्हती," ते मला एकदा म्हणाले. उघाडी म्हणजे बांधातलं फळ्यांचं दार. "बांधावर मी, खाली ओढ्यात हिरा, चिखलातले मासे, निवट्या, धरायला. पान्याचा लोट कवा कुनाला नेल, भरवसा नाय. म्हनून आमची रीत. खालचा मानूस बाजूला होऊन हाक देनार, तवाच फळी काढायची. मी इचारायचो, सोडू का? ती बोलायची, सोडा ओ! मी तिला चिडवायचो, मना हुकूम द्यायला तुला हीच काय ती जागा. खरं तं घरात पन तिचाच हुकूम."

हिराबाई आम्ही इथे राहायला यायच्या आधीच गेल्या.

यंदा उन्हाळ्यात तलावाचं काम निघालं. पालिकेच्या इंजिनिअर मॅडमनी गाळ उपसला, नाल्याच्या तोंडाशी एक खड्डा खणून घेतला, म्हणजे येणारा कचरा आणि माती तिथेच खाली बसेल. मग काठाने लव्हाळी लावली. शेठ खवळले.

"तलावात गवत? उद्या म्हशी सोडाल!"

"काका, गवत गाळ धरून ठेवतं," मॅडम म्हणाल्या. "पावसात बघा. नाही पटलं तर स्वतःच्या हाताने उपटा."

शेठ काही दिवस फुगून बसले. पुढे मात्र त्या लव्हाळीत पाय ठेवणाऱ्या मॉर्निंग वॉकवाल्यांवर तेच काठी उगारू लागले.

जोराचा पाऊस झाला, तलाव भरला, ओहोटी लागली. नव्या गेटचं चाक फिरवायचा मान मॅडमनी शेठना दिला. आम्ही सगळे छत्र्या घेऊन बांधावर जमलो होतो. शेठनी दोन्ही हातांनी चाक धरलं आणि ओरडले, "सोडू का?"

"सोडा ओ!" अख्खी सोसायटी एका सुरात ओरडली.

शेठचा हात हलला नाही.

"तुमी सगले बांधावर," ते म्हणाले. "हाक खालशी येते."

खाली कुणीच नव्हतं. मॅडम एकदा ओढ्याकडे बघत होत्या, एकदा शेठकडे. रोज सकाळी व्हॉल्व्ह धरून हा माणूस कुणाला विचारत होता ते मला कळलं, आणि फार वाईट वाटलं. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, घसरत बांध उतरलो, ओढ्याच्या कडेला एका मोठ्या दगडावर चढलो आणि जमेल तेवढ्या जोराने ओरडलो, "सोडा ओ!"

खालून शेठ दिसत नव्हते. चाकाचा आवाज काही येईना.

"परत एकदा बोला," ते वरून म्हणाले.

मी परत ओरडलो. मग पाणी आलं, तळाचे दगड दिसावेत इतकं नितळ.