काकांच्या घराचं दार

भाषणाची शेवटची उजळणी करावी म्हणून पुतण्याने काकांच्या घराचं दार आतून लोटलं आणि ते बसलं ते बसलंच. कडी तर त्याने लावलीही नव्हती. ओढून पाहिलं, हिसडे देऊन पाहिलं, पण दार चौकटीत रुतलं होतं. बाहेर अंगणात सगळं गाव काकांच्या शोकसभेला जमलं होतं.

पुतण्या रडकुंडीला आला. आईवडील गेल्यावर काकांनीच त्याला वाढवलं, शिकवलं, शहरात नोकरीला लावलं. त्या माणसासाठी आयुष्यात एकदा चार शब्द बोलायचे, तर नशिबाने तेही दाराआड ठेवले.

"मी अडकलोय!" तो ओरडला.

"घाबरू नका साहेब," बाहेरून ट्रॅक्टरवाला म्हणाला, "तेल सोडतो. काकांनीच शिकवलंय. मूळचे मेकॅनिक ना ते."

तेल बिजागरीतून आत आलं आणि पुतण्याच्या पांढऱ्या शर्टावर पसरलं. दार ढिम्म.

"मेकॅनिक कसले? गवंडी होते गवंडी!" गवंड्याला राग आला. "चौकट खचलीय. खालून पाचर मारतो. हेही त्यांनीच शिकवलं मला." त्याने पाचर ठोकली. आतापर्यंत दार निदान करकरत तरी होतं, आता तेही थांबलं.

मग न्हावी सरसावला. काकांनी दोन उन्हाळे त्याच्या दुकानात लोकांच्या दाढ्या केल्या होत्या. त्याने फटीत वस्तरा घातला आणि पातं आतच मोडलं. "त्यांच्या हातात नसतं मोडलं हो," तो खिन्नपणे म्हणाला. तेवढ्यात बँडवाला उठला. काका आमच्यात ढोल वाजवायचे, असं सांगत त्याने दार बडवायला घेतलं.

पुतण्या कपाळाला हात लावून खाली बसला. त्याच्या भाषणात काका नुसते 'कष्टाळू शेतकरी' होते. ज्या माणसाने आपल्याला वाढवलं, तो आपल्याला दाराच्या फटीतून कळतोय, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इतक्यात शेजारी चहा करायला गेलेली काकू किटली घेऊन आली.

"अगं बाई! ते दार पूर्ण लावायचंच नसतं," ती म्हणाली. "लागलंच तर हे खिडकीतून बाहेर यायचे आणि खालून उचलून उघडायचे."

"खालून तर पाचर मारलीय," गवंडी हळूच म्हणाला.

राहता राहिली खिडकी. काका होते सडपातळ. पुतण्याची बरीच वर्षं ऑफिसच्या खुर्चीत गेली होती. तो पोटापर्यंत बाहेर आला आणि अडकला. भाषणाचा कागद पँटच्या मागच्या खिशात, म्हणजे घरातच राहिला.

"बोला ना साहेब," कोणीतरी म्हणालं, "नाहीतरी सगळ्यांना दिसताय."

"काका..." एवढंच तो म्हणाला आणि खिडकीत लटकल्या लटकल्या हमसून हमसून रडू लागला.

शेवटी ट्रॅक्टरवाल्याला राहवलं नाही. "पण काकू, अख्ख्या गावाची दारं त्यांनी नीट केली. मग घरचंच कसं राहिलं?"

काकूने किटली खाली ठेवली.

"रोज म्हणायचे, लोकांची दारं संपली की आपलं करतो."

गवंड्याने हातातली हातोडी हळूच खाली ठेवली. त्याच्या नव्या घराचं दार काकांनी अंगात ताप असताना बसवून दिलं होतं.