सव्वा महिन्याचा साबण

भूपालअण्णा साबण चाटून बघायचे. लपूनछपून नव्हे. सकाळी ओट्यावर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या देखत. वडीवरून जिभेचं टोक फिरवायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "अजून चावतोय." मग वडी परत फळीवर. गल्लीत नवीन आलेला माणूस हे बघून आमच्या दारात चौकशी करायचा, "ते गृहस्थ बरे आहेत ना?" मी सांगायची, "ते बरे आहेत. साबण बरा व्हायचाय."

दुसरी मोठी लढाई चालू होती ती वर्षं. सांगलीत आमच्या गल्लीत अण्णांचं सोडून सोळा घरं, आणि अण्णांचं आमच्या भिंतीला लागून. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी पद्मा लग्न होऊन कोरेगावला. धंदा हळदीचा, त्यामुळे हात मनगटापर्यंत बाराही महिने नवरदेवासारखे पिवळे. माणूस जैन. "बाजारच्या साबणात जनावराची चरबी असती वैनी. ती आंगाला लावायची व्हय?" म्हणून ते घरी साबण करतात, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

खोबरेल, एरंडेल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी. मापं हळदीच्या काट्यावर. सोडा हिशेबापेक्षा नेहमी चिमूटभर कमी; उरला की साबण चावतो. "तेल उराय पायजे, राग न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वड्या पडल्या की पांढऱ्या फडक्याखाली सव्वा महिना ठेवायच्या. कुणी आधी मागितली तर म्हणायचे, "बाळंतिणीला सव्वा महिन्याच्या आत कामाला लावता का तुमी? मग?" आमच्या हेडमास्तरांना दम निघाला नाही. त्यांनी सत्तावीस दिवसांची वडी उचलून दाढी केली आणि दोन दिवस गालांना साय थापून शाळेत शिकवलं. अण्णा त्यांच्याशी महिनाभर नीट बोलले नाहीत. "ओल्या बाळंतिणीला उठिवलंत, मास्तर."

सव्वा महिना भरलेल्या वड्या ते सोळाही घरी फुकट वाटत. आठ दिवसांनी चौकशीला येत. तोंडाकडे बघत नसत. "कोपर दावा." मग खाज? कोरडं पडलं? आग झाली? सोळा घरांची उत्तरं त्यांच्या डोक्यात कालवली जायची. मला अव्यवस्था बघवत नाही. मी एक वही केली आणि रकाने आखले: घर, तारीख, खाज, कोरड, आग. ती वही आमच्या खुंटीला टांगलेली असे आणि अण्णा दर रविवारी येऊन वाचत. सगळीकडे "काही नाही" लिहिलेलं असलं तरी खूश नसत. "पाटलांच्या आईचं कातडं म्हशीगत हाय वैनी. तिचं 'काही न्हाई' काय कामाचं? पातळ कातड्याचं सांगा."

पातळ कातडं कुणाचं, ते दिवाळीत कळलं. पद्मा माहेरपणाला आली होती. गळा, मनगटं लाल, कातडीला भेगा, आणि बोलता बोलता पदराआडून खाजवणं चालू. अण्णा मला हळू आवाजात म्हणाले, "डाक्तर म्हणतो, दुसऱ्याला लागत न्हाई. कातडं नाजूक हाय, साबण सोसत न्हाई. पर सासरी कोण ऐकतंय? तिचं ताट येगळं मांडत्यात. व्याही म्हणाले, पुन्यांदा उठलं तर पोरगी तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे."

जाताना त्यांनी तिची ट्रंक साबणानं भरली आणि बजावलं, "इचारलं तर सांग, आमची समदी गल्ली ह्योच लावती." मी मनात नोंद केली: म्हणजे आम्ही सोळा घरं ही प्रयोगशाळा.

उन्हाळ्यात अण्णांनी साबणात हळद घालून बघितली. हळद आणि सोडा एकत्र आले की रंग फिरतो. साबण झाला तांबूस तपकिरी, आणि ओतला होता गुळाच्या लहान बादलीत. ढेप निघाली ती हुबेहूब गुळाची. सव्वा महिना भरल्यावर नमुन्याचा एक खडा त्यांनी आमच्याकडे दिला. मी तो फडताळात ठेवला, आणि आयुष्यात एकदा चिठ्ठी लावायची विसरले.

दोन दिवसांनी भर दुपारी पद्माचे सासरे न सांगता आले. अण्णा पेठेत, घराला कुलूप. म्हणून आमच्याकडे बसले. माझ्या सासूबाईंना दिसायचं कमी. त्यांनी पाहुण्यापुढे रीतीप्रमाणे गूळपाणी ठेवलं. व्याह्यांनी पाणी गाळलेलं आहे का, ते दोनदा विचारलं. गुळाबद्दल काही विचारलं नाही.

मी बाहेर आले तेव्हा त्यांच्या मिशांवर फेस होता.

"बाई," ते जपून म्हणाले, "गूळ यंदाचा हाय का?"

मी खरं ते सांगितलं. चुळा भरायला चार तांबे पाणी झालं. पद्माचा संसार आपण एका खड्यानं बुडवला, असं मनात घेऊन मी उभी होते. व्याही तोंड पुसत होते.

"चावला न्हाई पर," शेवटी ते म्हणाले.

"म्हणजे?"

"जिभंला लागला न्हाई. सूनबाई म्हणती, सांगलीला समदी गल्ली ह्योच लावती. मी म्हणलं, रोग झाकाया बापानं काढलेलं सोंग. तेच बघाया आलो."

मी खुंटीवरची वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. सोळा घरं, दोन वर्षं, माझ्या अक्षरात. त्यांनी बोट ठेवून पानन् पान वाचलं.

"हेडमास्तर बी?"

"ते सुद्धा. त्यांचं सत्तावीस दिवसांचं प्रकरण शेवटच्या पानावर आहे."

तेही वाचलं. मग वही मिटली. "आमच्यात नऊ माणसं हायती. नऊ वड्या सांगा भूपालरावांस्नी. समदी एका साबणानं न्हाली, तर एकीचं ताट येगळं कशाला?"

संध्याकाळी अण्णा आले तोवर व्याही गाडीनं गेलेही होते. मी घडलं ते क्रमानं सांगितलं. गूळपाण्याला हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत.

"चावला न्हाई म्हणाले?"

"म्हणाले. आणि ताटाचंही म्हणाले."

अण्णा ओट्यावर बसले. मी वही उघडली. "आता सतरावं नाव घालते. पद्माचं. तिचा रकाना इतके दिवस राहूनच गेला."

"नगं वैनी," ते म्हणाले. "खाजंपाई तिचं एकटीचं नाव येगळं दिसू नये, म्हणून तर सोळा घरं न्हाऊ घातली."

मी पेन्सिल ठेवून दिली. ते सवयीनं म्हणाले, "कोपर दावा."

मी दाखवलं. ते बराच वेळ तिकडं बघत होते, पण माझं कोपर त्यांना दिसत असावं असं वाटलं नाही.